आजीची वाकळ पांघरा, कपाटात कोंडू नका

जुनी गोधडी भंगारात देणाऱ्यांचा मला राग येतो. पण डांबराच्या गोळ्या घालून ती कपाटात कोंडणाऱ्यांचाही तितकाच येतो. आमच्याकडे आजीने शिवलेली वाकळ आहे (कोल्हापूरकडे गोधडीला वाकळच म्हणतात). वर तिचं इरकली लुगडं, आत आजोबांची धोतरं, मध्ये आत्याच्या परकराचा तुकडा. थंडीत आम्ही ती रोज पांघरतो.

शेतातली कामं उरकली की उन्हाळ्यात शेजारणी सोप्यात जमायच्या. मोठाले टाके घालून थर टाचायचे, मग कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं एकटं असलं तर हात लावताच फाटतं. थरांत घेऊन जवळजवळ टाके घातले की ओढ एका जागी न येता साऱ्या टाक्यांत वाटली जाते. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. केवढी अक्कल आहे यात!

आणि वाकळ फाटली म्हणून कुणी टाकत नसे. वरून दुसरं लुगडं चढवायचं, पुन्हा शिवायचं. आजी गेल्यावर विरलेल्या बाजूला आईने आपली सुती साडी लावली. "मूळ रूप बिघडवलंस," असं एका नातेवाइकांनी तिला ऐकवलं. मला हे अजिबात पटत नाही. आईचा टाका आजीपेक्षा लांब आहे, अंधारात हात फिरवला तरी कोणाचा कोणता ते कळतं. त्या दोघींचं काम एका कापडावर आहे, याचा मला अभिमान वाटतो.

अर्थात, वापरायची म्हणजे हेळसांड करायची नाही. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, जुना दोरा तुटतो. रिठ्याच्या पाण्यात भिजवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. वाळवताना एकाच दोरीवर लोंबकळत ठेवू नका, ओल्या वजनाने टाके उसवतात, खाटेवर पसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच नको, दमट हवेत बुरशी धरते.

कोणतं कापड कोणाचं, हे आता फक्त आईला माहीत आहे. तिला विचारून मी सगळी नावं सुती फितीवर लिहिली आणि फीत एका कोपऱ्यात शिवून टाकली.

आतेबहीण म्हणते, कापून उशांचे अभ्रे करू, म्हणजे प्रत्येकाला आजीचा तुकडा मिळेल. तिची माया मला समजते, पण कात्री लावू देणार नाही. त्यापेक्षा आळीपाळीने न्या. पुढच्या थंडीत वाकळ तिच्याकडे नाशिकला जाईल. तिथे कुठे उसवली तर तिनेच सुई हातात घ्यावी, टाका वाकडा आला तरी चालेल.