कार्यालयातले दिवे बदलण्याआधी

फोंड्यातील आमच्या कार्यालयाच्या मोठ्या दालनात दोन वर्षांपूर्वीपर्यंत चार फुटी ४८ ट्यूब होत्या आणि त्या सगळ्या दाराजवळच्या एकाच बोर्डावर, चार बटणांवर चालत. सकाळी आठ वाजता झाडलोट करायला येणाऱ्या मावशी तळहाताने चारही बटणे एकदम दाबत आणि संध्याकाळी सातच्या सुमारास शेवटचा माणूस ती बंद करी. यात कोणाचाही निष्काळजीपणा नव्हता. कोणते बटण कोणत्या ओळीचे, याचा विचार वायरिंग करतानाच झालेला नव्हता. एकाच बटणावर खिडकीजवळच्या तीन, मधल्या पाच आणि कपाटांवरच्या चार अशा विखुरलेल्या ट्यूब होत्या. एक बटण बंद केले की कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर अंधार पडे. त्यामुळे एप्रिल महिन्यात बाहेर डोळे दिपवणारे ऊन असतानाही खिडकीलगतच्या ट्यूब दिवसभर जळत राहत.

विजेचे बिल वाढल्यावर एलईडी लावण्याचा प्रस्ताव आला. विक्रेत्याचे म्हणणे सरळ होते : ४८ जुन्या ट्यूब काढा, ४८ एलईडी ट्यूब लावा, दोन दिवसांत काम पूर्ण. बैठकीत मी याला विरोध केला आणि काही सहकाऱ्यांना तो आडमुठेपणा वाटला. आज दोन वर्षांची बिले हातात असताना तीच गोष्ट सविस्तर लिहावीशी वाटते, कारण गोव्यातील अनेक कार्यालये, शाळा, पतसंस्था आणि पंचायती सध्या याच टप्प्यावर आहेत आणि बहुतेक ठिकाणी जितक्या होत्या तितक्याच ट्यूब बदलून काम झाले असे मानले जाते.

आधी हिशेब सांगतो. जुन्या ट्यूबवर ३६ वॉट लिहिलेले असले तरी तांब्याच्या तारेचा जुना चोक स्वतः साधारण १० ते १५ वॉट खातो, म्हणजे एका फिटिंगमागे ४८ वॉट धरायला हरकत नाही. अशा ४८ फिटिंग रोज ११ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालल्या की सुमारे ७,६०० युनिट होतात. त्या जागी २० वॉटच्या ४८ एलईडी ट्यूब लावल्या आणि बाकी काहीच बदलले नाही, तर हा आकडा सुमारे ३,१७० वर येतो. ही बचत मोठी आहे आणि तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण आमच्या दालनात आज ३४ ट्यूब आहेत आणि त्या सरासरी सात तास जळतात, म्हणून आमचा वर्षाचा वापर १,४३० युनिटांच्या आसपास राहतो. नुसत्या अदलाबदलीनंतर जे उरले असते, त्याच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. हा दुसरा टप्पा गाठायला आम्हाला अधिक महागडे दिवे आणावे लागले नाहीत. फक्त खरेदीच्या आधी तीन आठवडे मोजमापात घालवावे लागले. वीजदर बदलत असतात, म्हणून रुपयांऐवजी मी युनिटच सांगतो आहे.

मोजमापासाठी आम्ही एक साधा लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते लक्स या एककात मोजणारे यंत्र, आणला. टेबलाच्या उंचीवर, माणूस जिथे वही किंवा कीबोर्ड ठेवतो तिथे, सकाळी दहा, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता आकडे घेतले. कार्यालयातील प्रकाशासाठी भारतीय मानक आयएस ३६४६ मध्ये ३०० ते ७५० लक्सची मर्यादा सांगितली आहे आणि ये-जा करण्याच्या मार्गिकांसाठी ५० ते १५० लक्स पुरेसे मानले आहेत. आमच्याकडे दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर १,१०० लक्स मिळाले. ज्या कपाटांत दिवसातून दोनदा हात जातो त्यांच्या माथ्यावर ५०० लक्स होते. आणि ज्या लेखापाल बाई दिवसभर बारीक अक्षरातली व्हाउचरे तपासतात, त्यांच्या टेबलावर, एका खांबाच्या आडोशाला, जेमतेम १८० लक्स होते. त्या कित्येक वर्षे डोकेदुखीची तक्रार करत होत्या आणि आम्ही त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्या असे सांगत होतो. ४८ ट्यूब जळत असलेल्या खोलीत प्रकाश कमी पडत असेल, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. ही गोष्ट मला बिलापेक्षाही अधिक लागली.

मग फिटिंगच्या जागा बदलल्या. कपाटांवरच्या ओळी काढल्या, मार्गिकेतल्या निम्म्या केल्या, खांबाजवळ दोन नव्या दिल्या आणि खिडकी अडवून बसलेली दोन लोखंडी कपाटे आतल्या भिंतीकडे सरकवली. या शेवटच्या कामाला एक रुपयाही खर्च आला नाही आणि आतल्या दोन टेबलांपर्यंत उजेड पोहोचला. नंतर बोर्ड फोडून वायरिंग नव्याने केले. खिडकीला समांतर पहिली ओळ एका बटणावर, दुसरी दुसऱ्यावर, आतल्या ओळी आपापल्या बटणांवर, आणि प्रत्येक बटणाखाली मराठीत चिठ्ठी. आमच्या वायरमननी आधी कुरकुर केली, कारण छतातून नव्या तारा ओढणे हे ट्यूब बदलण्यापेक्षा कष्टाचे काम आहे. पण काम त्यांनी मनापासून केले. आता ऑक्टोबर ते मे या काळात खिडकीकडची ओळ सकाळी साडेनऊ ते चारपर्यंत बहुधा बंदच असते. पावसाळ्यात मात्र ती लावावी लागते, कारण जून-जुलैमध्ये आभाळ भरून आले की आपल्याकडे दुपारी बारालाही संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. स्वच्छतागृहात आणि जिन्यावर माणसाची चाहूल लागताच पेटणारे सेन्सर लावले. दालनात ते मुद्दाम लावले नाहीत, कारण शांत बसून लिहिणाऱ्या माणसावर अंधार करणारा सेन्सर लोकांना चिडवतो आणि शेवटी कोणीतरी तो कायमचा निकामी करून टाकतो.

वातानुकूलित खोलीत या बचतीला आणखी एक जोड मिळते. दिव्याने घेतलेली वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच राहते आणि ती बाहेर काढण्याचे काम एसीला करावे लागते. आमच्या दालनातला दिव्यांचा भार २.३ किलोवॉटवरून ०.७ किलोवॉटवर आला, म्हणजे जवळपास अर्ध्या टनाच्या एसीइतकी उष्णता निर्माण होणेच थांबले. मे महिन्यात, घामाने अंग चिकट होत असताना, हा फरक लगेच जाणवतो.

गोव्याच्या संदर्भात ही चर्चा मला अधिक जबाबदारीची वाटते. आपल्या राज्यात मोठी वीजनिर्मिती नाही. आपली वीज मुख्यतः केंद्रीय प्रकल्पांतून, छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल अशा कोळशावर चालणाऱ्या ठिकाणांहून येते आणि महाराष्ट्र व कर्नाटकातून येणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांवरून आपल्यापर्यंत पोहोचते. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तमनार या वीजवहन प्रकल्पाच्या ४०० केव्ही उच्चदाब वाहिनीसाठी गोव्यातील मोलेच्या अरण्यातील झाडे तोडण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २०२० मध्ये गोवाभर त्याला विरोध झाला. त्या विरोधात मीही होतो आणि आजही माझे मत तेच आहे. पण वीज दुसऱ्यांच्या जमिनीतून खणलेल्या कोळशाची, वाहिनी दुसऱ्यांच्या रानातून जाणारी, आणि आपल्या कार्यालयात मात्र भर दुपारी रिकाम्या खुर्च्यांवर ट्यूब जळत असलेल्या, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

घरांच्या बाबतीत बदल झपाट्याने झाला, हे मान्य करायला हवे. ५ जानेवारी २०१५ रोजी घरोघरी स्वस्तात एलईडी बल्ब पोहोचवणारी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. मोठ्या प्रमाणावरील खरेदीमुळे एलईडी बल्बचा घाऊक दर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला आणि साधा पिवळा बल्ब घराघरांतून नाहीसा झाला. एलईडीपासून पांढरा उजेड मिळणे शक्य झाले ते ज्या निळ्या एलईडीमुळे, तिच्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कार्यालये मात्र मागे राहिली, आणि त्याचे कारण मला स्पष्ट दिसते : घरात बिल भरणारा आणि बटण दाबणारा माणूस एकच असतो, कार्यालयात तसे नसते.

खरेदी करणाऱ्यांसाठी काही गोष्टी अनुभवाने सांगतो. निविदेत नुसते वॉट लिहू नका. किती ल्युमेन (म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश), वॉटमागे किती ल्युमेन, आणि टेबलावर किती लक्स मिळायला हवेत ते लिहा, नाहीतर सर्वांत कमी दराचा माल येतो आणि सहा महिन्यांत मंदावतो. रंगाची निवडही महत्त्वाची आहे. आपल्याकडे ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश म्हणजेच भरपूर प्रकाश अशी समजूत आहे, पण आम्ही ४,००० केल्विनच्या ट्यूब घेतल्या आणि डोळ्यांवरचा ताण कमी झाल्याचे बहुतेकांनी सांगितले. जुन्याच फिटिंगमध्ये एलईडी ट्यूब बसवणार असाल तर चोक आणि स्टार्टर वायरमनकडून काढून घ्या आणि फिटिंगवर तशी चिठ्ठी लावा, म्हणजे पुढे कोणी अजाणतेपणी त्यात जुनी ट्यूब बसवणार नाही. आणि मे अखेरच्या विजांच्या कडकडाटाचा विचार आधीच करा. एलईडीचा दिवा सहसा जात नाही, त्याला योग्य वीज पुरवणारे छोटे सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, जातो. पहिल्याच वर्षी एका वादळी संध्याकाळी आमच्या पाच ट्यूब एकदम गेल्या, तेव्हा मुख्य बोर्डावर विजेच्या दाबाचा अचानक येणारा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवला. त्यानंतर असा प्रकार घडलेला नाही. वास्को, पणजी यांसारख्या खाऱ्या हवेच्या ठिकाणी फिटिंगचे धातूचे भागही गंजतात, तिथे बंदिस्त फिटिंग घेणे योग्य.

काढलेल्या ट्यूबचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही. प्रत्येक फ्लुरोसंट ट्यूबमध्ये थोडा पारा असतो आणि ती फुटली की तो हवेत आणि जमिनीत जातो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या देशांनी २०२७ पर्यंत या ट्यूबचे उत्पादन थांबवण्याचे ठरवले आहे, म्हणजे येत्या काळात अशा ट्यूबचे ढीग सगळीकडे निघणार आहेत. आम्ही आमच्या ४८ ट्यूब त्यांच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून मान्यताप्राप्त ई-कचरा संकलकाकडे दिल्या. त्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, कारण त्या हाताळणारी माणसे हातमोज्यांशिवाय काम करत असतात.

एक गोष्ट मला फार दिवसांपासून बोलायची होती. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लावलेले असत. त्यांतून ऊन गाळून, मऊ होऊन आत येई. उजेड मिळे पण डोळ्यांवर तिरीप येत नसे. अशा जुन्या वास्तूंत आज अनेक कार्यालये चालतात आणि एसी बसवताना त्या खिडक्या प्लायवुडने बंद केलेल्या मी पाहिल्या आहेत. आत मग दिवसभर ट्यूब जळतात. दिव्यांसाठी निधी मंजूर करण्याआधी अशा प्रत्येक कार्यालयाने आपली एक तरी खिडकी उघडून तिच्याजवळच्या टेबलावर लक्समीटर ठेवून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आमच्या पहिल्या मजल्यावरच्या लहान दालनाचे काम चतुर्थीनंतर हाती घेत आहोत. तिथे २० ट्यूब आहेत. मोजणी गेल्या आठवड्यात झाली आणि त्यांतल्या सात काढता येतील असे दिसते. फोंडा परिसरातील कोणत्याही कार्यालयाला किंवा शाळेला लक्समीटर हवा असेल तर कळवा, दोन-तीन दिवसांसाठी आमचा देता येईल.