एसएमपीएसवर कशाला पैसे घालवायचे?

नव्या पीसीला प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स झाला, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० झालं, बजेट संपलं. राहिला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. त्याला ना आरजीबीचे रंगीत दिवे, ना त्याने गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतात. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तोच ठोका. खोक्यावर ५०० वॅट छापलंय, आणखी काय हवं?

फक्त बाजूचं स्टिकर वाचत बसू नका. तिथे +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असलं काहीतरी दिसेल आणि तुम्ही उगाच गुणाकार कराल: २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज याच १२ व्होल्टवरून ओढतात हे खरं. पण बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर आहेत की! ते वापरणार कोण, हे विचारणं अरसिकपणाचं.

बेरीज तर नकोच. कार्ड १७० वॅट, प्रोसेसर ७६, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० धरा. तीनशेच्या आत आटोपलं. कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त ओढतं, एसएमपीएसमधले वीज साठवणारे कपॅसिटर वर्षागणिक थकतात, म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या असं सांगणारे भेटतील. एनव्हीडियाही ३०६० साठी ५५० च सांगते. त्यांचं काय जातं सांगायला?

आता कार्डाला ८ पिनची वायर लागेल आणि फुकटच्या एसएमपीएसला ती नसेल. घाबरू नका, हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीवरून ८ पिन करून देणारा कन्व्हर्टर मिळतो. साटाची जोडणी १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटची, ८ पिनची क्षमता १५० वॅटची. तेवढं चालवून घ्यायचं. आधी प्लास्टिक मऊ पडतं, मग पिनांभोवती तपकिरी होतं, मग वास सुटतो. घरचे गॅसवर काय करपलं ते बघायला धावतील. धावू द्या.

जुन्या मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी पडून असतील तर त्याही नव्याला लावा. बसतात ना? एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले की हार्डडिस्क एका दमात मोकळी होते. फोटोंचा पसारा तसाही आवरायचाच होता.

आणि पैसे उतू जात असतील तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, टॅली आणि एक्सेल चालवणाऱ्या पीसीला १००० वॅटचा ‘गोल्ड’ (वीज कमी वाया घालवतो असा दाखला मिळालेला) एसएमपीएस बसवा. गोल्डची चाचणी २० टक्के लोडपासून सुरू होते, तुमचा पीसी १० टक्केही गाठणार नाही. पण वजन बघा केवढं आहे!

एवढं करून ब्राउझर तासन् तास नीट चालतो आणि गेम लावला की पीसी रीस्टार्ट होतो? विंडोज फॉरमॅट करा. पुन्हा झालं तर रॅम काढून खोडरबराने घासा. तरीही झालं तर ड्रायव्हर जुना टाका. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसेल, म्हणजे पीसी नीट बंद न होता अचानक रीस्टार्ट झाल्याची नोंद. तो व्हायरस समजा आणि नवा अँटिव्हायरस विकत घ्या.