वाचता येतं, लिहिता येत नाही

रात्री पावणेदोनला फोन: ऑर्डरी साठत नाहीयेत, सर्व्हर मेलाय. अंथरुणातच लॅपटॉप उघडला. सगळे दिवे हिरवेगार. पिंग चालू, डिस्कवर ४० टक्के जागा रिकामी. मेलाय कुठला, ठणठणीत बसलाय!

बसला होताच, फक्त लिहिणं सोडलं होतं. लिनक्सच्या एक्स्ट-फोर या फाइलसिस्टीमला (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) तसं सांगून ठेवलं असेल, तर गडबड दिसताच ती आणखी नासाडी नको म्हणून रीड-ओन्ली होते. जुनं वाचून दाखवते, नवं घेत नाही. आमच्या आजोबांचं शेवटी असंच झालं होतं. १९६५ चं युद्ध तोंडपाठ, सकाळचा चहा कोरा.

घरबसल्या सर्व्हर हाताळायच्या रिमोट कन्सोलचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो गणपतीला कणकवलीत. शेवटची लोकल गेलेली. बोरिवलीहून अंधेरी एमआयडीसीपर्यंत रिक्षा, तीही मध्यरात्रीनंतरच्या सव्वापट भाड्यानं.

गेटवर वॉचमनकाका.

"साहेब, एन्ट्री."

दोरीला बांधलेलं पेन उमटेना. झटकलं, तळव्यावर घासलं, तोंडाची वाफ दिली.

"काका, पेन संपलंय."

"दुपारपास्नंच."

"मग दुपारपासून आत कोणी गेलंच नाही?"

"गेले की. ज्यांच्याकडं पेन हुतं, ते."

"अहो, तुम्ही ओळखता मला. कालच्या पानावर नाव आहे बघा."

काकांनी चष्मा लावला, पान उलटलं, बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. माझं नाव, वेळ, काम: सर्व्हर. "हाय की."

"मग सोडा ना!"

"ते कालचं झालं."

"दुपारी संपलं तेव्हाच सांगायचं नाही का कुणाला?"

"तक्रार ह्याच रजिस्टरात लिवायची अस्ती, साहेब."

शेवटी रिक्षावाल्यानं खिशातलं पेन दिलं. माझी सही होईस्तोवर मीटर चालू ठेवला, तो वेगळा.

काकांवर चिडायची सोय मात्र आत गेल्यावर उरली नाही. माझी तपासणीची स्क्रिप्ट वाचत होती एमटॅब, म्हणजे कुठली डिस्क कशी जोडलीय याची यादी. जुन्या सर्व्हरवर ती साधी फाइल असते. लिनक्सच्या गाभ्यानं, म्हणजे कर्नलनं, परस्पर केलेल्या बदलाचा तिला पत्ता नसतो. असता तरी ती त्याच डिस्कवर, लिहिणार कुठे? ती इमानेइतबारे 'लिहिता येतं' म्हणत राहिली. खरं कर्नलच्या स्वतःच्या यादीत, प्रॉक-माउंट्समध्ये होतं, तिथे मी बघतच नव्हतो. रीबूट, एफएससीके (फाइलसिस्टीमची तपासणी-दुरुस्ती), पहाट.

सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॉनिटरिंग झोपलं होतं का?" डिस्क बदला म्हणून दोनदा मेल केली होती, तेव्हा कोण झोपलं होतं, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. मी 'सॉरी सर' म्हणालो.

आता नवी स्क्रिप्ट प्रॉक-माउंट्स वाचते, शिवाय दर पाच मिनिटांनी एक चिमुकली फाइल लिहून बघते. पहिल्याच रात्री तिनं मला तीनदा उठवलं. स्क्वॅशएफएस आणि सीडीची इमेज, म्हणजे जन्मजात रीड-ओन्ली मंडळी! त्यांना वगळलं. पुढच्या वेळी भलत्यालाच वगळलेलं असेल, ही धाकधूक आहेच.

काल काकांसाठी नवं पेन नेलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशाला लावलं आणि दोरीचं पुढं केलं.