‘अरेंज’ची चूक आणि माहितीपानातली दुरुस्ती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नमपाय ही पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी. तिचं ‘अरेंज’ हे फंक्शन सुरुवात, शेवट आणि पायरी घेऊन समान अंतरावरच्या संख्यांची यादी, म्हणजे ॲरे, बनवतं. त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या दोन तक्रारी आहेत. एक, ‘अरेंज’चं डॉक्युमेंटेशन असलेली फाइल मी दिलेल्या ठिकाणी सापडत नाही. दुसरी, शेवटची संख्या वगळायची असूनही कधीकधी येते, ही कोडची चूक आहे आणि डॉक्युमेंटेशनमध्ये अपवाद लिहिणं म्हणजे तिच्यावर पांघरूण घालणं.

पहिली तक्रार रास्त आहे. आवृत्ती २.० पासून ‘कोर’ फोल्डरच्या नावाआधी अंडरस्कोअर आला; लेखात बदल केला आहे. ‘अरेंज’ सी भाषेत लिहिलेलं असल्यामुळे त्याची डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली माहिती, फंक्शनजवळ नसते, त्याच फोल्डरातल्या ‘ॲड न्यूडॉक्स’ फाइलमध्ये असते.

दुसरी मात्र मला पटत नाही. अरेंज(१, १.३, ०.१) चालवलं की १.३ सुद्धा येतो. लांबी अशी ठरते: शेवटातून सुरुवात वजा करा, पायरीने भागा, अपूर्णांक उरला तर पुढचा पूर्णांक घ्या. हाताने केलं तर ३. पण १.३ आणि ०.१ बायनरीत नेमके मावत नाहीत. वजाबाकी ०.३०००००००००००००००४ येते, भागाकार ३.०००००००००००००००४, म्हणजे घटक ४. इथे थोडी सूट देऊन तो कण गिळायचा म्हटलं, तर किती सूट द्यायची? कोणताही आकडा धरला तरी आज चालणाऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅममधल्या ॲरेची लांबी बदलणार.

याहून घातक प्रकार पूर्णांकांचा आहे. अरेंज(−३, ३, ०.५) ला डीटाइप, म्हणजे घटकांचा प्रकार, ‘इंट’ (पूर्णांक) द्या. लांबी ०.५ च्या पायरीने ठरते, १२. पण घटक भरताना पायरी नव्याने काढली जाते: −३ + ०.५ म्हणजे −२.५, त्याचा पूर्णांक −२, म्हणून पायरी १. उत्तर −३ पासून थेट ८ पर्यंत जातं! एरर येत नाही, इशाराही येत नाही. हे लिहून ठेवलं नाही तर वापरणाऱ्याला कळणार कसं?

म्हणून अपवाद ‘स्टॉप’च्या, म्हणजे शेवटच्या संख्येच्या, वर्णनातच हवा, कारण लोक तेवढंच वाचतात. आणि पर्याय चालवता येईल असा द्यावा: ‘लिनस्पेस’ या फंक्शनला पायरीऐवजी घटकांची संख्या द्यायची असते; लिनस्पेस(१, १.३, ३) मध्ये ‘एंडपॉइंट’ फॉल्स ठेवला, म्हणजे शेवट वगळला, की नेमके तीनच घटक मिळतात.

बदल करताना उदाहरणाचं उत्तर हाताने टाइप करू नका. २.० मध्ये एकेका संख्येची छपाई बदलली, ३.० ऐवजी एनपी.फ्लोट६४(३.०) दिसतं, आणि डॉकटेस्ट ही तपासणी उदाहरण चालवून लिहिलेलं उत्तर ताडून पाहते. ती तपासणी ‘स्पिन चेक-डॉक्स’ या आज्ञेने चालवा.