वार लागतो कुठे?

सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी कॉनन या तलवारबाजाच्या दोन सिनेमांबद्दल ठोकून दिलं, ‘कॉनन द डिस्ट्रॉयर पहिल्यापेक्षा भारी, उगाच गंभीर नाही.’ डोकं सटकलं. गंमत वेगळी आणि पोकळपणा वेगळा, एवढंही कळू नये?

काल वाड्यावरच्या जत्रेच्या नाटकाची तालीम होती. पहिल्याच वाराला सरदाराची तलवार मुठीपाशी वाकली. वाकणारच मरे! तीन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मुठीत शिरणारी शेपटी निम्म्याहून बारीक कापलेली, काटकोनी खाच, वर एकच स्क्रू. धक्का सगळा त्या खाचेवर. पट्टी सहा मिलिमीटरची घ्या, शेपटी मुठीच्या टोकापर्यंत न्या, खाचेचे कोपरे गोल करा. तालीम संपली की पात्यावर उठलेले काटे कानशीने घासा, नाहीतर समोरच्याचा हात फाटतो.

तरी त्या वाकलेल्या तलवारीचा वार लागला असं वाटलं. 1984च्या त्या सिनेमात तेवढंही वाटत नाही. 1982चा पहिला भाग जॉन मिलियसचा, अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्राचा, म्हणजे मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश. दुसरा रिचर्ड फ्लायशरचा, ‘पीजी’, म्हणजे मुलांनाही चालेल असा. रक्त कमी झालं, चालेल. पण वाराचा परिणामही गेला त्याचं काय? दोन हातांची खरी तलवार दोन-तीन किलोंची. हुकली तर अंग तिच्यामागे ओढलं जातं, सावरायला क्षणभर लागतो. भीती त्या क्षणात असते. इथे माणसं घसरल्यासारखी पडतात!

आणि तो दागोथ, शेवटी पुतळ्यातून जागा होणारा राक्षस. घडवणारा कार्लो राम्बाल्डी, ज्याने ‘ई.टी.’ सिनेमातला परग्रहवासी केला. आत आंद्रे द जायंट, तो अवाढव्य कुस्तीगीर. म्हणजे कारागीरही थोर, देहही अजस्र. पण रबरी पोशाखात आतल्याला दिसतं कमी, गुदमरायला होतं, हालचाल जड होते. असा राक्षस सावलीत ठेवायचा, तुकड्यातुकड्याने दाखवायचा. आपली पोरं नरकासुराला खालून लाल दिवा मारतात, त्यांना हे न शिकवता कळतं. इथे भरपूर उजेडात उभा केलाय, मग रबर रबरच दिसणार.

बरं, ग्रेस जोन्सची झुला, कॉननची लढवय्यी साथीदार, काठी घेऊन उतरते तेव्हा पडदा पेटतो. मान्य. कॅमेरा जॅक कार्डिफचा, संगीत बॅसिल पोलेडुरिसचं, त्याबद्दल ब्र काढणार नाही.

आणि आरशांची खोली, तिथे मात्र माझा राग उतरतो. तिथल्या दुसऱ्याच एका राक्षसावर कितीही वार केले तरी ढिम्म. कॉनन एक आरसा फोडतो आणि जखम राक्षसाच्या अंगावर उमटते. कुणी समजावून सांगत नाही, आपल्यालाच कळतं. जादूला असा नियम हवा. दागोथलाही होता: शिंग बसवलं की पुतळा जागा, उपटलं की खलास. तोच प्रसंग अंधारात, हळूहळू घेतला असता तर आज त्या ग्रुपवाल्याशी मी भांडलो नसतो.