अभिवचन म्हणजे दर्शनी हुंडी नव्हे

इंदूरच्या आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: बायबलमध्ये ‘भिऊ नको’ हे शब्द नेमके 365 वेळा, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा आले आहेत, देव कोणावरही सोसवणार नाही इतके ओझे टाकत नाही, यिर्मया 29:11 (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले देवाचे अभिवचन) रोज आपल्या नावाने मोठ्याने म्हटले की अडलेले काम वर्षाच्या आत मार्गी लागते, आणि लागले नाही, तर आपला विश्वास कमी पडला असे समजावे. पाठवणाऱ्यांचा हेतू धीर देण्याचा आहे यात शंका नाही. परंतु यातले एकही विधान शास्त्राला धरून नाही.

365 चा आकडा चटकन निकालात निघतो. ‘भिऊ नको’, ‘भिऊ नका’, ‘घाबरू नका’ अशी सगळी रूपे मिळवली तरी मोजणी त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय याएलनेही सीसरा सेनापतीला ‘भिऊ नका’ असेच म्हणून तंबूत घेतले होते आणि तो झोपल्यावर त्याच्या कानशिलात मेख ठोकली होती (शास्ते 4). ते वचन कोणत्या तारखेला वाचायचे?

ओझ्याविषयीचे विधान करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या 10:13 वरून उचलले आहे. तिथे विषय संकटांचा नसून मोहाचा, मूर्तिपूजेकडे वळण्याचा आहे. मराठीत ‘परीक्षा’ हा एकच शब्द दोन्हींना चालत असल्यामुळे घोटाळा होतो. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आरंभी ही पत्रे लिहिणारा प्रेषित पौल लिहितो की आशियात आपल्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नव्हती. आणि हे अशासाठी झाले की आपण स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी. माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा आई रात्रीतून दोन-तीनदा उठून त्यांची कूस बदलत असे. भेटायला आलेल्या एका बाईंनी तिला हेच वाक्य ऐकवले, तेव्हा ती ओली चादर पिळता पिळता म्हणाली, “ताई, झेपत नाही म्हणून तर प्रार्थना करते. झेपत असतं तर कशाला केली असती?”

यिर्मयाचे वचन मात्र थोडे थांबून वाचायला हवे. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांची कार्डे काढतात, त्यांत ते हमखास असते. आमच्याही फ्रिजवर एक चिकटवलेले आहे. कार्डावर अकरावे वचन असते, दहावे नसते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून धरून बाबेलास नेलेल्या लोकांना यिर्मयाने धाडलेल्या पत्रातला हा मजकूर आहे, आणि दहाव्या वचनात मुदत स्पष्ट सांगितली आहे: 70 वर्षे. तोवर घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात कैद होऊन आलात त्याच नगरासाठी प्रार्थना करा, असे तो सांगतो. ते पत्र हाती घेणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीची वाट दिसणारच नव्हती. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मात्र दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल असे छातीठोकपणे सांगतो, आणि यिर्मया त्याला तोंडावर खोटा ठरवतो. वर्षाच्या आत काम होईल म्हणणारा आपला संदेश या दोघांपैकी कोणाच्या जवळचा आहे, हे उघड आहे. इंदूरच्या ज्या सराफा बाजारात आपण आज रात्री भुट्ट्याचा कीस खायला जातो, तिथल्या जुन्या पेढ्यांवर दर्शनी हुंडी (हुंडी म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी) दाखवताच वटत असे आणि मुदती हुंडीला मुदत भरेपर्यंत थांबावे लागे. म्हणून मुदती हुंडी कोणी खोटी मानली नाही.

उरला विश्वास कमी पडल्याचा ठपका. आजारी माणसाच्या उशाशी बसून हे बोलणे मला क्रूर वाटते. अब्राहाम कनानाकडे निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता आणि अभिवचनातला मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. साऱ्या कनान देशाचे अभिवचन पदरी असूनही बायकोला, सारेला, पुरण्यापुरती जागा त्याला एफ्रोन हित्तीकडून 400 शेकेल रुपे तोलून विकत घ्यावी लागली (उत्पत्ती 23). इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तो अभिवचनाचे फळ हाती न येताच मेलेल्यांत गणला आहे, आणि ती यादी विश्वासात टिकलेल्यांची आहे.