फंक्शनमधून फंक्शन कॉल केलं तर काय बिघडतं?

फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा आणि ते कॉल करणं म्हणजे नाव घेऊन तो चालवणं. प्रोग्रॅमिंग नुकतंच शिकायला लागलेल्यांपर्यंत एक सल्ला हमखास पोचतो: "सुरुवातीला एका फंक्शनमधून दुसरं फंक्शन कॉल करू नका. कंट्रोल (आत्ता कोणती ओळ चालायची तो ताबा) निघून जातो, व्हेरिएबल एकमेकांत मिसळतात, चूक सापडत नाही, प्रोग्रॅम मंद होतो आणि स्टॅक (न संपलेल्या कॉलच्या नोंदींची जागा) भरून क्रॅश होतो. सगळा कोड एकाच जागी लिहा."

मुळात हा सल्ला पाळताच येत नाही. पायथनमधलं प्रिंट हे फंक्शनच आहे. तुमच्या फंक्शनमध्ये ते लिहिलंत की नियम मोडला. सी मधलं मेन तरी आपणहून कुठे सुरू होतं? त्यालाही आधी चालणारा कोड कॉल करतो. पण कारणं दिली आहेत, तर ती बघू.

तीन फंक्शन धरा. 'निकाल' कॉल करतं 'टक्केवारी'ला आणि 'टक्केवारी' कॉल करतं 'बेरीज'ला. तीन विषयांच्या, प्रत्येकी १०० पैकी, गुणांची लिस्ट ६२, ७१, ८०.

कंट्रोल जातो हे खरं, पण तो परतही येतो. कॉल होताना परत कुठे यायचं ते नोंदवलेलं असतं. 'टक्केवारी' भागाकाराच्या ओळीवर अर्धवट थांबतं, 'बेरीज' २१३ परत देतं, तो आकडा बरोबर कॉलच्या जागी येऊन बसतो आणि राहिलेला हिशोब पुरा होतो: ७१. तोवर 'निकाल' वाट बघत थांबलेलंच असतं. शेवटी कॉल झालेलं सगळ्यात आधी संपतं. हे काही नवं नाही; १९४९ साली सुरू झालेल्या केंब्रिजच्या एडसॅक संगणकासाठी डेव्हिड व्हीलर यांनी परतीची अशी सोय शोधून काढली होती.

मग 'कंट्रोल हरवला' असं का वाटतं? बहुतेक वेळा रिटर्न विसरलेलं असतं. 'बेरीज'मध्ये रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलं, तर स्क्रीनवर २१३ झकास दिसतं, पण 'टक्केवारी'च्या हाती नन, म्हणजे 'काहीच नाही', पडतं आणि भागाकाराला टाइपएरर येते. दाखवणं आणि परत देणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढाच तो घोळ.

व्हेरिएबल मिसळण्याचं कारण मात्र नीट बघायला हवं, कारण ते अर्धं खरं आहे. 'बेरीज'मध्ये 'एकूण' नावाचं व्हेरिएबल २१३ पर्यंत वाढत गेलं आणि 'टक्केवारी'मध्येही 'एकूण' आहे, ज्यात ३०० आहेत. नाव एक, तरी एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही. प्रत्येक कॉलला स्वतःची वेगळी जागा मिळते आणि फंक्शन संपलं की ती नावंही संपतात.

लिस्टचं तसं नाही. समजा कुणी 'बेरीज' असं लिहिलं की लिस्टमधून पॉपने एकेक गुण काढायचा आणि मिळवत जायचं. बेरीज अचूक येते, २१३. पुढे 'टक्केवारी' विषय किती ते लिस्टच्या लांबीवरून मोजायला जातं, तर लिस्ट रिकामी! शून्याने भागल्याची एरर येते, तीही 'टक्केवारी'मध्ये, जिथे काहीच चुकलेलं नाही. पायथनमध्ये लिस्ट पाठवली म्हणजे तिची नक्कल जात नाही, तीच लिस्ट जाते. पण यावर उपाय सगळा कोड एकत्र कोंबणं हा नाही. 'बेरीज'ने लिस्टला हात न लावता ती नुसती वाचावी.

चूक सापडत नाही म्हणणाऱ्यांनी एररचा मजकूर शेवटपर्यंत वाचलेला नसतो असं माझं ठाम मत आहे. पायथन कॉलची अख्खी साखळी ओळींच्या क्रमांकांसह छापतं, शेवटचा कॉल सगळ्यात खाली. वरच्या उदाहरणात चूक 'बेरीज'ची असून बोट 'टक्केवारी'कडे जातं हे खरं, पण 'बेरीज' एकटंच चालवून, नंतर लिस्ट छापून बघितली की चोर सापडतो. दोनशे ओळींच्या एकाच गठ्ठ्यात हे कसं करणार?

मंद होण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आजच्या साध्या कॉम्प्युटरवर पायथनच्या एका कॉलला सेकंदाचा दशलक्षांश भागही लागत नाही. सी चे कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारे प्रोग्रॅम) तर बऱ्याचदा छोटं फंक्शन कॉलच्या जागी उतरवून कॉलच काढून टाकतात. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये याचा विचार करावा, तोही वेळ मोजल्यावर.

राहिला स्टॅक. तो किती कॉल केले यावर भरत नाही, एकात एक किती अडकून आहेत यावर भरतो. लूपमध्ये 'बेरीज' दहा लाख वेळा कॉल करा, दर वेळी ते संपून जागा मोकळी होते. एकात एक किती कॉल अडकू शकतात याची पायथनची मर्यादा साधारण १००० असते; आपलं उदाहरण तीनवर थांबतं.

नवशिक्यांचा स्टॅक खरोखर भरतो तो असा: 'मेनू' कॉल करतं 'विचारा'ला, चुकीचं उत्तर आलं की 'विचारा' पुन्हा 'मेनू'ला कॉल करतं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण मागे गेलो. प्रत्यक्षात आधीचे दोन्ही कॉल थांबलेलेच असतात आणि त्यांच्यावर नवे दोन चढतात. मागे जायचं तर रिटर्न करायचं: 'विचारा'ने उत्तर परत द्यावं आणि 'मेनू'ने व्हाइल लूपमध्ये, योग्य उत्तर येईपर्यंत, त्याला पुन्हा पुन्हा कॉल करावं.